रजेच्या अर्जातलं नारळाचं झाड

सिल्वासात मी वेबसाइट बनवते असं सांगितलं की समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि त्याच्या घरचा प्रिंटर बंद पडलाय असं सांगतो. टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत मी आजवर तीन प्रिंटर, एक वायफायचा डबा आणि एका काकूंचा मिक्सरसुद्धा तपासला आहे. मिक्सरला वायर होती, त्यामुळे तो माझ्याच खात्यात येतो असं त्यांचं म्हणणं. माझी आई कोकणातून इथे मराठी शाळेत शिकवायला आली आणि इथेच निवृत्त झाली. तिने जन्मभर चौथीच्या मुलांना भागाकार समजावला, पण माझा धंदा शेजारणींना समजावून सांगायचा नाद तिने कधीच सोडून दिला. "कॉम्प्युटरमध्ये असते," एवढंच म्हणते. जणू मी आत राहते आणि सणासुदीला बाहेर येते.

ज्या दिवसांबद्दल लिहितेय तेव्हा मी आमलीत एका फरसाणाच्या दुकानावरच्या ऑफिसात नोकरीला होते. खालून तळणीचा वास यायचा, वर आम्ही चौघं मिळून आसपासच्या कारखान्यांच्या वेबसाइट करायचो. कारखाना सूत काढो नाहीतर प्लास्टिकच्या बादल्या, वेबसाइट एकच असायची: वर सरकणारी तीन चित्रं, खाली हसणारे परदेशी इंजिनिअर, ज्यांनी इथली कारखान्यांची राखोली कधी पाहिली नव्हती. आमचे मालक गुजराती. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, ते मला बेन म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त जे काम डोळ्याला दिसत नाही ते झालंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग राखोलीच्या एका सूत कारखान्याने आम्हाला मोठं काम दिलं. कामगारांची हजेरी, पगाराची पावती, रजेचा अर्ज, सगळं एका वेबसाइटवर. मी दोन महिने मान मोडून ते केलं आणि स्वतःच्या कामावर इतकी खूश झाले की विचारू नका. अक्षरं फिकट राखाडी आणि बारीक ठेवली होती, कारण मोबाइलवर ती फार सभ्य दिसायची. इतकी सभ्य की वाचणाऱ्यावर अजिबात जबरदस्ती करायची नाहीत. बटनांवर शब्द लिहिणं मला गावंढळ वाटायचं, म्हणून सगळीकडे चित्रं. पगाराला पाकीट, हजेरीला घड्याळ. शेठ बघून म्हणाले, "बेन, आ तो एकदम मख्खन छे!" त्या आठवड्यात मी घरी फार तोऱ्यात वावरले.

वेबसाइट सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा ऑफिसात फोन आला. पलीकडचा आवाज खणखणीत, रेडिओवर शोभेल असा.

"नमस्कार ताई. राखोलीहून बोलतो, कंपनीच्या टेलिफोन बोर्डावरून. ती रजेची वेबसाइट तुमीच बनवली ना?"

"हो. काय अडचण आहे?"

"ती बोलत नाही."

अशा वेळी मी लावायचे तो खास आवाज मी लावला, समोरचा माणूस सहा वर्षांचा आहे असं गृहीत धरणारा. "पेज रिफ्रेश केलंत का?"

"केलं."

"ब्राउझर अपडेट आहे?"

"आहे."

"मग असं करा, स्क्रीनशॉट काढा. जिथे अडचण आहे तिथे लाल गोल करा आणि मला पाठवा."

मग ते म्हणाले, "पाठवतो ताई. फक्त गोल कुठं काढू तेवढं सांगा. मला दिसत नाही."

"नेमकं काय दिसत नाही? बटन?"

"काहीच. जन्मापासून."

आठ वर्षं मी वेबसाइट करत होते, आणि ज्याला दिसत नाही असा माणूस ती उघडेल हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी काहीतरी पुटपुटले. "सॉरी" म्हटलं असावं. ते म्हणाले, "सॉरी नको, एकदा येऊन ऐकून जा."

"बघून जा" नाही, "ऐकून जा". हा फरक माझ्या लक्षात आला तो दुसऱ्या दिवशी, दमणगंगेचा पूल ओलांडून स्कूटर कारखान्याच्या फाटकात लावली तेव्हा. मी शेठना खोटंच सांगितलं होतं, की सर्व्हरचं काम आहे. सर्व्हर हा शब्द उच्चारला की शेठ पुढे काही विचारत नसत.

फोन करणाऱ्यांना तिथे सगळे ऑपरेटर भाऊ म्हणत; त्यांची खोली फाटकाला लागूनच होती. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, एका कानाला फोनचा हेडफोन, दुसऱ्या कानाला कॉम्प्युटरचा. शिरपूरकडून वीस वर्षांपूर्वी इथे आलेले. बोलता बोलता एकीकडे शेडला फोन जोडत होते, दुसरीकडे माझ्यासाठी खुर्ची सरकवत होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम होता. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, हे मला पुस्तकी माहीत होतं, म्हणजे नव्हतंच. भाऊंनी तो स्पीकरवर लावला. इतक्या वेगाने बडबड सुरू झाली की मला एक अक्षर कळेना.

"ताईंसाठी गाडी हळू चालवतो," ते म्हणाले आणि वेग कमी केला. मग माझी वेबसाइट उघडली.

"बटन," कॉम्प्युटर म्हणाला. भाऊंनी कळ दाबली. "बटन." पुन्हा कळ. "बटन. लिंक. बटन. चित्र. बटन."

"असं ते दिवसभर बटन बटनच करू राहिलं," भाऊ म्हणाले. "यातलं रजेचं कोणतं?"

मी पडद्याकडे पाहिलं. "चौथं. नारळाचं झाड आहे ते."

"रजेला झाड कशाला?"

"म्हणजे... सुट्टीत लोक समुद्रावर जातात ना, म्हणून."

ते जरा विचारात पडले. "मी तर शिरपूरला जातो. आमच्याकडं केळी असते."

मी त्यांना कळा मोजून चौथ्या बटनावर नेलं. रजेचा अर्ज उघडला. तारखेच्या जागी मी एक सुंदर कॅलेंडर लावलं होतं, त्यात महिना हलकेच सरकत यायचा. त्यावर तीन दिवस खपले होते मी. भाऊ त्या कॅलेंडरात शिरले आणि बाहेरच येईनात. कोणतीही कळ दाबा, कॉम्प्युटर म्हणायचा "सत्तावीस", पुन्हा "सत्तावीस". कुठल्या महिन्याची सत्तावीस, ते माझ्या कॅलेंडरने कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. माउस असता तर एका क्लिकचं काम. माउस तिथे टेबलावर होताही, कव्हरमध्ये, अगदी कोरा.

"मग आत्तापर्यंत रजा कशी टाकलीत?" मी विचारलं.

"कागदावर घेत नाही आता. एचआर साहेब म्हणे कोनाकडून तरी भरून घ्या. एकदा वॉचमननं भरली, एकदा कँटीनवाल्यानं. माझा पासवर्ड अख्ख्या कंपनीला पाठ आहे ताई. मीच काय तो वापरत नाही."

आणि मग, तक्रारीचा सूर न लावता, त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मुलीला बोहल्यावर मामानेच आणायचं, आणि मामा हे एकटेच. घाईत अर्ज भरणाऱ्याने माझ्या त्या सरकत्या कॅलेंडरात पुढचा महिना निवडला. भाऊ लग्नाला गेले, भाचीला घेऊन बोहल्यापर्यंत आले, परत आले तर हजेरीत तीन दिवस "गैरहजर, विनापरवाना". वीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, सिस्टीममध्ये जे आहे ते आहे.

सिस्टीम म्हणजे मीच. पण मी तिथे बसून चहा पीत होते आणि माझ्यावर कुणी विनापरवाना असा शिक्का मारला नाही.

त्या दिवसापासून मी बिघडले, असं शेठ अजून म्हणतात. मी स्क्रीन रीडर उतरवून घेतला, घरी मॉनिटर बंद करून माउस कपाटात ठेवला आणि माझीच वेबसाइट वापरायला बसले. पहिल्या दिवशी मला लॉगिनसुद्धा करता आलं नाही. मग मी त्यावर मिळेल ते वाचत सुटले. कळलं असं की यात फारशी हुशारी लागत नाही. बटनाला नाव द्यायचं. चित्राचं वर्णन लिहायचं. माउसशिवाय सगळीकडे जाता येतंय ना, अक्षर पार्श्वभूमीवर नीट उठून दिसतंय ना, एवढं बघायचं. वर्षानुवर्षं मी जे केलं नव्हतं ते अवघड नव्हतं, फक्त ते कुणी मागितलं नव्हतं. आई एकदा खोलीत आली तर मी काळ्या पडद्यासमोर डोळे मिटून बसलेली, बोटं कळांवर. तिने आवाज न करता दार ओढून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "हल्ली ध्यानाला बसते."

मी शेठकडे गेले आणि म्हटलं, रजेचं पान पुन्हा करायला हवं.

"किती लोक आंधळे आहे त्या कंपनीमां?"

"एक."

"एक?" शेठनी मला पुन्हा संधी दिली. "बेन, एक माणूस माटे?"

मी सांगितलं, एकासाठी नाही. यंत्रावरच्या कामगाराच्या बोटाला पट्टी असली की बारीक बटन दाबता येत नाही, चाळिशीच्या पुढे बारीक अक्षर कुणालाच दिसत नाही, शेडच्या बाहेर उन्हात मोबाइलवर राखाडी अक्षर म्हणजे कोरा कागद. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, त्यांना इंटरनेटवर याचं तयार औषध सापडलं आहे. एक ओळ टाकायची की वेबसाइटच्या कोपऱ्यात निळ्या गोलात व्हीलचेअरचं चित्र येतं. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग पिवळा होतो, सगळं जग दिव्यांगांसाठी खुलं.

"पण शेठ, ज्याला दिसत नाही त्याला रंग पिवळा झाला काय आणि..."

"दिसतंय ना पण!" शेठ म्हणाले. "काम दिसतंय!"

मी जागेवर येऊन ती एक ओळ टाकली.

एचआर साहेबांना तर ते चित्र इतकं आवडलं की त्यांनी कँटीनमध्ये कार्यक्रमच ठेवला. साहेब मुंबईहून आलेले. प्रत्येक दुसऱ्या वाक्यात "आमच्या मुंबईच्या ऑफिसात" असायचं, आणि त्या ऑफिसात काहीच कधी चुकत नसे. बॅनर छापून आला, "सर्वांसाठी डिजिटल". उद्घाटन ऑपरेटर भाऊंच्या हस्ते. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांचा कॉम्प्युटर मोठ्या स्पीकरला जोडला होता.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. तोवर मी रजेचं पान चोरून दुरुस्त केलं होतं. ऑफिसच्या कामातून वेळ काढून, वेगळ्या पत्त्यावर. भाऊंनी ते तीनदा तपासून दिलं होतं. त्यांच्याइतका कठोर परीक्षक मला शाळेतही भेटला नव्हता. "ताई, इथं तुमी 'सबमिट' दोनदा लिहिलंय, मी काय दोनदा रजेवर जाऊ?" अशी त्यांची भाषा. पान तयार होतं. शेठना मी ते दाखवलंही होतं. ते म्हणाले, कार्यक्रम होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, बरं.

तर कार्यक्रम झाला. भाऊंना हाताला धरून स्टेजवर नेलं. ते रोज एकटे बसने येतात, पण स्टेजवर दिव्यांगाला हाताला धरायचंच असतं. शाल, श्रीफळ. साहेबांचं भाषण. मग भाऊंनी कळ दाबली आणि स्पीकरमधून आवाज घुमला, "मेनू उघडला."

कडकडून टाळ्या.

"मेनू बंद," स्पीकर म्हणाला. "मेनू उघडला. मेनू बंद. मेनू उघडला." भाऊ कळा दाबत होते आणि ते निळं चित्र त्यांना काही सोडत नव्हतं. त्याच्या पलीकडे रजेचा अर्ज होता, नारळाचं झाडही होतं, पण चित्र दारातच आडवं पडलेलं. साहेब माइकवर म्हणाले, "बघा, कसं बोलतंय!" पुन्हा टाळ्या. अखेर भाऊंनी कळफलकावरून हात काढला, माइक जवळ ओढला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, मी मेनूत अडकलोय. कोनीतरी बाहेर काढा."

अख्खं कँटीन हसलं. साहेबही हसले. त्यांना वाटलं, विनोद केला. लगेच फोटोसाठी सगळे उभे राहिले.

मी तिसऱ्या रांगेत शेठच्या शेजारी बसले होते. उठून स्टेजवर जायचं, माझ्या पानाचा पत्ता टाइप करायचा, बस्स. मी बसून राहिले. टाळ्याही वाजवल्या, कारण शेठ वाजवत होते.

ते खाली आल्यावर मी हाक मारली, तसा भाऊंनी माझा आवाज ओळखला. शाल काढून हातावर घेतली होती. "ताई, तुमची चांगली होती ना? ती का नाही लावली?"

"शेठ म्हणाले नंतर बघू."

"हां," ते म्हणाले. "मला वाटलं मीच काही चुकीचं दाबू राहिलो."

हे वाक्य मला फार लागलं. चूक माझी, लाज माझी, आणि सगळ्या कँटीनसमोर स्वतःच्या बोटांवर शंका त्यांनी घ्यायची! घरी आले, जेवले नाही. आईने विचारलं तर तिला सगळं सांगितलं. ती तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मग आता रडतेस कशाला? पान तयार आहे ना? लाव."

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि कुणालाही न विचारता माझं पान चढवलं. ते निळं चित्र काढलं नाही, शेठचा जीव त्यात होता. फक्त त्याच्या मागचं यंत्र काढून टाकलं आणि ते चित्र मदतीच्या एका साध्या पानाला जोडलं. अक्षरं काळी केली. झाडाखाली "रजेचा अर्ज" असं लिहिलं. कॅलेंडर उपटून तारीख टाइप करायचा साधा चौकोन ठेवला. माझे तीन दिवस वाया गेले याचं दुःख झालं, नाही असं नाही.

नोकरी जाईल म्हणून मी आठवडाभर तयारीत होते. काहीच झालं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही! पंधरा दिवसांनी एचआर साहेबांचा शेठना फोन आला, की ते निळं चित्र लावल्यापासून वेबसाइट फारच सुधारली, कामगार स्वतः अर्ज भरतायत, त्यांना स्वतःलासुद्धा आता चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि आमच्या मुंबईच्या ऑफिसातही हेच चित्र हवंय. शेठनी फोन ठेवला आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "जोयू? मी सांगत होतो."

मी म्हटलं, "हो शेठ, तुमचंच बरोबर."

त्यानंतर आमच्या ऑफिसने ते चित्र बऱ्याच कारखान्यांना विकलं. प्रत्येक वेळी कोपऱ्यात चित्र लागायचं, आणि मागे मी गुपचूप बटनांना नावं देत बसायचे. मी जितकं चांगलं काम केलं तितकी चित्राची कीर्ती वाढली. अजूनही मी तिथेच आहे. आता शेठना सगळं माहीत आहे, असा मला संशय आहे. पण गिऱ्हाईक खूश असलं की शेठ संशयाला जागा देत नाहीत.

भाऊंचे ते तीन दिवस मात्र मी बदलू शकले नाही. मी स्वतः साहेबांना लेखी दिलं, की चूक कॅलेंडरची होती आणि कॅलेंडर माझं होतं. साहेबांनी पत्र फाइलला लावलं. हजेरीत अजून "गैरहजर, विनापरवाना" आहे. भाऊ म्हणतात, "राहू द्या. भाची तर गेली ना सासरी वेळेवर."

नवीन पानावर पहिला अर्ज भरताना त्यांनी मला फोन लावून ठेवला होता, पण बोलू दिलं नाही. फोनमधून कळांचा आवाज आणि मधूनच "रजेचा अर्ज, लिंक", "पासून तारीख", "कारण". सगळं मिळून चार-पाच मिनिटं. कारणाच्या चौकोनात त्यांनी खरं ते लिहिलं: "स्वतः भरून बघतो आहे." दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज नामंजूर केला. शेरा होता, "कारण अपुरे."

भाऊंनी पुन्हा भरला. "घरगुती काम." मंजूर.

"काय काम होतं?" मी नंतर फोनवर विचारलं.

"काहीच नाही. बायकोला दुधनीला नेलं, होडीत बसलो. ती सांगू राहिली, पानी असं दिसतं, डोंगर तसा दिसतो. मी म्हटलं, जरा गप बस बाई, मला पानी ऐकू दे."

मग त्यांनी फोन ठेवण्याआधी सांगितलं, की अर्ज गेल्यावर "धन्यवाद" येतं, पण कोणत्या तारखेची रजा गेली ते येत नाही. मी ती तारीख त्याच दुपारी त्यात घातली.